धाकट्याची सीट

सोमवार, ३ मार्च

धाकटा आज सकाळी कारखान्यात आला आणि शिलाईच्या मशीनवर बसलेल्या मावशींसमोरच म्हणाला, "ताई, नवी गाडी आली. सीट तूच बसवायची."

मी हो म्हणाले. इतक्या पटकन की मावशींनीही मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं.

आता डबा खाऊन झाला आहे आणि मावशी जरा लवंडल्या आहेत, तेवढ्यात लिहिते. फोमवाल्याने दिलेली ही डायरी दोन महिने कोरीच पडली होती. कोणाशी बोलता येत नाही ते हिच्यात तरी लिहावं. गेल्या ऑगस्टमध्ये ट्रॅकवर धाकट्याची गाडी वळणावर घसरून टायरच्या भिंतीवर आदळली, आणि सीट उखडली. सीट जिच्यावर मागेपुढे सरकते ती रेल तुटली, असं मी सगळ्यांना सांगितलं. रेल धडधाकट होती. चूक माझी होती.

मी बसच्या सीटा बसवते. वडिलांनंतर बावीस वर्षं हेच करते आहे. बसच्या तळाच्या पत्र्याखाली जाड लोखंडी चॅनेल असतं, बोल्ट त्याच्यात जातो, त्यामुळे वॉशर कसलाही लावला तरी चालतो. माझा हात त्या सवयीने चालला. छोट्या गाडीला खाली चॅनेल नसतं, नुसता पत्रा असतो, आणि मी त्या पत्र्याला बटणाएवढे वॉशर लावून मोकळी झाले. धक्का बसला तसा पुढचा डावा बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून वर आला आणि सीट धाकट्याला घेऊन आडवी झाली. गळ्याचं हाड, दोन बरगड्या, पाठीचा एक मणका. चार महिने तो घरात होता. भंगारात जाऊन मी ते भोक बघून आले. त्यात माझी करंगळी सहज गेली.

खरं सांगितलं असतं तर? माझ्याकडे निम्म्या सीटा शाळेच्या बसच्या येतात. जिच्या हातची सीट सख्ख्या भावाखालून उखडली, तिच्याकडे कोण पोरांच्या सीटा देईल? म्हणून मूग गिळून बसले. आज नाही म्हणाले असते तर त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. शर्यत तीस तारखेला आहे.

मंगळवार, ४ मार्च

गाडी आली. मागची सीट, गालिचा, दाराची अस्तरं सगळं काढून टाकलेलं, आत पिंजऱ्यासारख्या नळ्या. मित्रमंडळींनी मिळून ती धाकट्यासाठी उभी केली आहे. शाळेच्या पस्तीस बसचा मालक त्यांच्यातलाच. तो येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला, "तुमचा भाऊ म्हणजे वाघ आहे हो! पुन्हा उभा राहिला!"

वाघ कोपऱ्यात उभा होता. गाडीभोवती दोनदा फिरला, हात मात्र लावला नाही. जुन्या गाडीला तर येता-जाता थोपटायचा. मी काय करते त्यावर लक्ष ठेवायचं म्हणून लांब उभा राहिला असणार.

शुक्रवार, ७ मार्च

दोन दिवस नुसतं मोजमाप केलं. ह्या वेळी रेल नाहीच, सीट मागेपुढे सरकायलाच नको. दाराच्या उंबऱ्यापासून मधल्या उंचवट्यापर्यंत दोन आडव्या नळ्या टाकायच्या, सीटच्या दोन्ही कुशींना पोलादी कंस लावायचे आणि ते नळ्यांवर कसायचे. नळ्या जिथे पत्र्याला टेकतात तिथे खालून तळहाताएवढ्या पट्ट्या. पट्ट्यांचे कोपरे गोल घासले. टोकदार कोपरा राहिला तर पट्टीच पत्रा कापायची.

मी पट्ट्या घासत होते तेव्हा धाकटा मागे येऊन उभा राहिला.

"ताई, ह्या खालून लागणार ना? किती जाडीच्या?"

खालून पट्टी लागते हे ह्याला कोणी सांगितलं? हल्ली मोबाइलवर सगळं दिसतं, तिथेच कुठेतरी बघितलं असेल.

"तीन मिलिमीटर," मी म्हटलं.

"पुरेल?"

"बस टांगली तरी पुरेल."

तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसतो.

बुधवार, १२ मार्च

वेल्डिंग झालं. ग्राइंडरने साफ केलं, दोन हात रंग दिला. आज धाकट्याला बसवून मापं घेतली. हेल्मेट घालून बसवलं, कारण हेल्मेटने डोकं तीन बोटं वर जातं आणि नेमकं तेच विसरलं जातं. पाय पूर्ण दाबल्यावरही गुडघ्याला थोडा बाक हवा. स्टिअरिंगच्या वरच्या कडेला मनगट टेकलं पाहिजे आणि तरी पाठ सीटला चिकटलेली पाहिजे. कमरेचा पट्टा पोटावर नको, खुब्याच्या हाडांवर हवा. खांद्यांचे पट्टे मागे जवळजवळ सरळ जायला हवेत. ते फार खाली ओढले तर धक्क्यात पाठीचा कणा दाबतात. कणा हा शब्द मी मोठ्याने बोलले नाही.

सगळं जुळलं. तर हा म्हणतो, "अर्धा सेंटीमीटर पुढे हवी."

पुढे घेतली.

"नाही, मागेच बरी होती."

मागे घेतली. मग म्हणे उंचीला जरा कमी. मग म्हणे डाव्या कुशीला बोचते. सहा वेळा बोल्ट काढले आणि घातले. मावशी आतून ओरडल्या, "अहो, गाडी चालवायची आहे का अंगरखा शिवायचा आहे?"

माझ्यावर विश्वास नाही त्याचा. कसा असेल? पण मग मला काम दिलंच कशाला, हे कळत नाही. चिडून पाना फेकावा असं दोनदा वाटलं. फेकला नाही. मला चिडायचा अधिकार नाही.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी भावजय आली. ती मला ताई म्हणते, रागावली की वन्सं म्हणते. आज आल्या आल्या वन्संनीच सुरुवात झाली.

"वन्सं, ह्यांना जेवण जात नाही. ताटावरून उठतात."

"पित्त असेल. हेल्मेट घालून तासन्‌तास बसतो, उकडतं त्यात. गोळी दे."

"पित्ताची गोळी!" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही एकदा नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने बसवली असती."

"दुसऱ्याकडे गेलेच नसते ते."

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "बाई काहीतरी सांगायला आली होती." मला माहीत आहे काय सांगायला आली होती. तिला माझा हात नको आहे त्या गाडीला. तोंडावर म्हणायचं धाडस नाही, एवढंच.

सोमवार, १७ मार्च

आज सांगणार होते. पक्कं ठरवलं होतं.

धाकटा अकराला आला. ड्रायव्हिंग स्कूलचे सकाळचे वर्ग आटपून येतो. नवशिक्यांना 'घाबरू नका, मी आहे ना शेजारी' असं सांगून त्याचं घर चालतं. आला आणि गाडीत जाऊन बसला. सहाही पट्टे लावले. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. वीस मिनिटं तसाच बसला होता. मी खिडकीतून बघत होते. मग बकल दाबून सगळे पट्टे सोडले आणि परत लावले. असं निदान दहा वेळा. पट्टे सुटतात की नाही हे बघत असावा.

मी धीर करून दाराशी गेले. त्याने मान वळवली. कपाळावर घाम.

"ताई, तुला काही सांगायचंय का?"

त्याने इतकं सरळ विचारलं, आणि मी बकलाकडे बोट केलं.

"बकल घट्ट लागतंय का, विचारायला आले."

"नाही, ठीक आहे." मग तो म्हणाला, "ताई..." आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. डावी बाजू एकदा खालून बघशील?"

बघितली. काही नव्हतं. गाडीखाली उताणी पडून मी डोळे पुसले आणि तोंडाला ग्रीस लावून वर आले.

शनिवार, २२ मार्च

ट्रॅकवर तपासणी झाली. तपासनीस म्हणजे जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. मागच्या वर्षीही हाच होता. तेव्हा त्याने पट्टे बघितले, हेल्मेट बघितलं, गाडीखाली मात्र वाकला नव्हता. ह्या वेळी आला तो सरळ उताणाच झाला. टॉर्च घेऊन दहा मिनिटं खाली होता. मग आत बसून सीट दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवली. सीटबरोबर अख्खी गाडी हलली, सीट वेगळी हलली नाही. बोल्ट किती घट्ट कसलाय ते दाखवणारा टॉर्क पाना लावून एकेक बोल्ट स्वतः ओढला, आणि प्रत्येक नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ मारली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते.

"ह्या वेळी पट्ट्या आहेत," तो म्हणाला.

ह्या वेळी! त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, "बसवणाऱ्याची सही." मी सही केली. माझी सही इतकी वाकडी कधी आली नव्हती.

त्याने जुनं भोक बघितलं असणार. मग बोलला का नाही? त्या वेळी तोही खाली वाकला नव्हता, म्हणून असेल. दोघेही गप्प बसलो आहोत, आपापल्या कारणाने.

धाकट्याने विचारलं, "पास?"

"पास."

"नक्की? काही राहिलं नाही ना? परत आणावी लागेल असं काही?"

"एकदम पक्की आहे," तपासनीस म्हणाला. धाकट्याचा चेहरा पडला. मित्र त्याला खांद्यावर घ्यायला निघाले होते, आणि हा खाली बघून बुटाची नाडी बांधत बसला. मी एवढं जीव ओतून काम केलं, बाहेरच्या माणसाने वाखाणलं, आणि ह्याला तरी खरं वाटत नाही. वाईट वाटलं. रागही आला.

गुरुवार, २७ मार्च

आज काही घडलं नाही. चारही रेघा चार वेळा बघितल्या. सलग आहेत.

शनिवार, २९ मार्च

शर्यत झाली की सांगणार. धडधाकट परत आला की त्याच दिवशी, त्याच जागी. मग तोंड बघायचं नाही म्हणाला तरी चालेल. देवाला कधी काही मागत नाही मी, कारण त्याला माझं अर्धवट काम माहीत आहे. आज मागितलं.

रविवार, ३० मार्च

संध्याकाळचे साडेपाच. सगळं क्रमाने लिहिते.

धाकट्याचा नंबर सातवा होता. गाड्या एकामागे एक रांगेत उभ्या होत्या, एक सुटली की पुढची सरकायची. मी पट्टे आवळायला गेले. ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देणार नव्हते. आधी कमरेचा, मग मांड्यांमधले दोन, मग खांद्यांचे. खांद्याचा पट्टा ओढताना माझी बोटं त्याच्या गळ्यापाशी गेली. गळ्याची शीर पाखरासारखी उडत होती. हातमोजे स्टिअरिंगवर होते आणि स्टिअरिंग थरथरत होतं. इंजिन अजून चालू केलेलं नव्हतं.

मी हेल्मेटमध्ये बघितलं. लहानपणी विहिरीच्या काठावर पोरांनी त्याला 'मार उडी, मार उडी' करून उभं केलं होतं तेव्हा असेच डोळे होते. तेव्हा मी त्याचा कान धरून घरी नेलं होतं आणि पोरं मला शिव्या घालत राहिली होती.

महिनाभराचं सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. तो अर्धा सेंटीमीटर. ती वीस मिनिटं. न जाणारं जेवण. 'परत आणावी लागेल असं काही?' त्याला माझ्या कामाची भीती नव्हतीच. त्याला गाडीची भीती वाटत होती, आणि मी मूर्खासारखी महिनाभर माझ्याच पापाचा हिशोब मांडत बसले होते.

मागून मित्रांचा आरडाओरडा चालू होता. शाळेच्या बसवाला मोबाइल उंच धरून चित्रण करत होता. भावजय कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. पुढची गाडी सुटली. रांगेवरच्या माणसाने ह्याला हात केला. धाकट्याचा हात चावीकडे गेला आणि तिथेच राहिला.

उतर म्हणाले असते तर तो उतरला नसता. एवढ्या लोकांसमोर कसा उतरेल? जो नवशिक्यांना रोज घाबरू नका म्हणतो, तो?

"थांबवा!" मी ओरडले. स्वतःचा आवाज मलाच ओळखू आला नाही. "गाडी थांबवा. मागचा डावा बोल्ट माझ्याकडून कसायचा राहिलाय."

चष्मेवाला तपासनीस आला. खाली वाकला, टॉर्च मारली. मी त्याच्या शेजारीच गुडघ्यावर होते. पिवळी रेघ सलग होती, मलाही दिसत होती आणि त्यालाही. त्याने मान वर करून आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगवरच्या हातमोज्यांकडे.

"बसवणारीच म्हणते तर मी कोण?" तो उठला. "गाडी बाहेर. आज सुटणार नाही."

मग जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, "परत हिच्याचकडून!" दुसरा म्हणाला, "सांगत होतो, चांगल्या गॅरेजला द्या." शाळेच्या बसवाल्याने मोबाइल खिशात घातला. माझ्यासमोरून गेला, थांबला, म्हणाला, "मागच्या वेळी रेल तुटली होती ना हो?" मी गुडघ्यावरची माती झटकली. "आमच्या पस्तीस बस आहेत बाई," तो म्हणाला आणि निघून गेला. ज्याच्यासाठी सात महिने गप्प बसले, ते दोन मिनिटांत गेलं. तेव्हा काही वाटलं नाही, खरंच. आता लिहिताना वाटतं आहे.

धाकट्याने बकल दाबलं. गाडीतून इतक्या झटकन बाहेर आला की हेल्मेट दाराच्या चौकटीला आपटलं. मित्र त्याची समजूत घालत होते, "जाऊ दे रे, तुझी काय चूक." भावजय माझ्याजवळ आली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर वन्संचा उद्धार होणार. तिने माझा ग्रीसचा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "ताई." बाकी काही नाही. मग ती मित्रांच्या गाडीतून पुढे गेली.

गाडी टेम्पोवर चढवली. धाकटा माझ्या शेजारी बसला. टेम्पो मीच चालवत होते. बोलायचं मलाच होतं.

"आज म्हणाले ते खोटं होतं," मी म्हटलं. "बोल्ट कसलेला होता. चारही."

"माहीत आहे."

"आणि मागच्या वेळी रेल तुटली म्हणाले, तेही खोटं होतं. रेल नव्हती तुटली. मीच..."

"तेही माहीत आहे, ताई."

टेम्पो जरा वाकडा गेला. मी सावरला.

"कधीपासून?"

"हॉस्पिटलात होतो तेव्हापासून. तपासनीस भेटायला आले होते. फोटो दाखवला त्यांनी. मीही खाली बघितलं नाही, माझीही चूक आहे, म्हणाले. मीच त्यांना म्हटलं, कोणाला सांगू नका. तिचं काम बंद पडेल."

सात महिने हा माझ्या हातचा चहा पीत होता.

"मग पुन्हा मलाच का दिलीस बसवायला? सगळं माहीत असून?"

तो खिडकीकडे तोंड करून खालच्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तू तरी नाही म्हणशील."

"काय?"

"सगळे म्हणत होते, वाघ, वाघ. मला नाही म्हणता येत नव्हतं. म्हटलं, ताई बसवणार नाही. ती हात लावणार नाही परत. मग मी म्हणेन, ताई नाही म्हणते तर मी दुसऱ्या कोणाकडून बसवून घेणार नाही. संपलं." तो हसला, पण हसू नीट आलं नाही. "आणि तू मावशींसमोर ताडकन हो म्हणालीस. मग म्हटलं, अर्धा अर्धा सेंटीमीटर करून हिला चिडवू, चिडून पाना फेकेल. तू पाना फेकेचनास. तू बसवत गेलीस, ताई. इतकी चांगली बसवलीस."

मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला. पुढचं काही दिसत नव्हतं.